गावच्या क्रिकेट संघातील गोलंदाजाचा हात कसा सांभाळावा : बेसबॉलच्या ट्रेनरकडून घेण्याजोगी पद्धत

सुगी आटोपली की खानापूर, निपाणी, बेळगाव या तालुक्यांत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांना जोर येतो आणि संघातला एकुलता एक वेगवान गोलंदाज एकाच रविवारी दोन-तीन सामन्यांत गोलंदाजी करतो. त्याच्या हाताची जबाबदारी संघातील एका ठरावीक माणसाकडे असावी. त्याने काय करावे, हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या ॲथलेटिक ट्रेनरकडून शिकता येते. हा ट्रेनर प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी असतो. दुखापत टाळणे, मैदानावरील प्रथमोपचार आणि खेळाडूला टप्प्याटप्प्याने खेळात परत आणणे ही त्याची कामे. मेजर लीगचा (तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेचा) संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, त्यामुळे रोजची पाहणी आणि नोंद हाच त्याच्या कामाचा कणा असतो. आपल्याकडे मात्र स्प्रेची बाटली घेऊन धावणे यालाच काम समजले जाते.

पहिले काम वहीचे. खेळाडूचे वय, जुनी दुखापत, दमा किंवा चालू औषधे आणि घरच्यांचा फोन क्रमांक एकदाच लिहून घ्यावा. त्यापुढे प्रत्येक दिवशी त्याने टाकलेले चेंडू मोजावेत. धावफलकावर दोन षटकांचे बारा चेंडू दिसतात, पण सामन्याआधीचा सराव आणि सीमारेषेवरून केलेल्या फेकी धरल्या तर हाताने केलेले काम त्याच्या कितीतरी पट भरते. आदल्या दिवशी तो ऊसतोडीला किंवा भाताच्या मळणीला गेला होता का, हेही लिहावे, कारण खांदा आणि कंबर त्या श्रमांचा वेगळा हिशेब ठेवत नाहीत. अमेरिकेत मुलांसाठी २०१४ मध्ये आलेल्या ‘पिच स्मार्ट’ नियमांनुसार १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत आणि ६६ किंवा अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. हे आकडे बेसबॉलचे आहेत, क्रिकेटला जसेच्या तसे लावू नयेत. परंतु मोजणीवरून विश्रांती ठरवण्याचे तत्त्व शाळकरी गोलंदाजांना आजपासून लागू करता येते.

दुखणे कुठे आहे, हे बोटाने दाखवायला सांगावे. फेकताना कोपराच्या आतील बाजूस दुखत असेल, तर तेथील अस्थिबंधावर (हाडे जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) ताण आलेला असू शकतो. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या बेसबॉलच्या गोलंदाजावर केलेली प्रसिद्ध शस्त्रक्रिया याच अस्थिबंधाची होती, आणि तो १९७५ चा पूर्ण हंगाम गमावून १९७६ मध्ये परतला. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाला मात्र कमरेच्या मणक्याचा धोका अधिक असतो. मागे वाकताना एका बाजूला दुखत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेदनाशामक गोळी देऊन अंतिम सामना खेळवणे हा उपचार नव्हे.

खेळाडूला खेळण्यापासून थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे स्पर्धेपूर्वीच कर्णधार आणि बक्षीस देणाऱ्यांसमोर ठरवून घ्यावे. हा अधिकार असलेला माणूस शक्यतो स्वतः खेळणारा नसावा. झेल घेताना दोघांची डोकी आपटली आणि एखादा गोंधळलेला दिसला, तर त्याने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. मेजर लीगमध्ये डोक्याला मार लागलेल्या अशा खेळाडूंना खेळाबाहेर ठेवण्यासाठी जखमींची सात दिवसांची स्वतंत्र यादीच आहे.

एप्रिल-मेच्या उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर १०८ ला फोन करावा, आणि गाडीची वाट न पाहता त्याला सावलीत नेऊन टँकरचे थंड पाणी सर्वांगावर सतत ओतावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. फोनवर मैदानाचा पत्ता कन्नडमधूनही नीट सांगू शकेल असा एक जण आधीच नेमून ठेवावा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही थेट सामना नको. बेसबॉलमध्ये हात बरा झाल्यावर फेकीची सुरुवात साधारण ४५ फुटांवरून होते, पुढे ६०, ९०, १२० अशी अंतरे वाढतात आणि मध्ये विश्रांतीचे दिवस असतात. आपणही दिवसाआड, हळू फेकीने सुरुवात करावी. दुखले तर थांबून विश्रांती द्यावी आणि पुढच्या वेळी आधीच्या अंतरावर यावे. पूर्ण रनअप घेऊन गोलंदाजी सर्वांत शेवटी, आणि तीही प्रथम सरावातच.