कुकरमधली थाई पोर्क करी, चिंच-शेंगदाण्यांची

थाई करी म्हटलं की नारळाचं दूध आलंच, असं वाटतं. पण उत्तर थायलंडात, च्यांग माईच्या बाजूला, डुकराच्या मांसाची 'केंग हांगले' नावाची करी होते आणि तिच्यात नारळ नसतोच. आलं, लसूण, चिंच, हळद, शेंगदाणे, ताडाचा गूळ आणि आपल्या गरम मसाल्याच्या जातीचा एक कोरडा मसाला, एवढ्यावर ती उभी राहते. ती तिकडे ब्रह्मदेशातून आली. च्यांग माई १५५८ मध्ये ब्रह्मी राजवटीखाली गेलं आणि पुढची दोनेकशे वर्षं बहुतेक काळ तसंच राहिलं. सोलापुरातल्या घरात यातलं निम्म्याहून जास्त सामान डब्यांत असतंच, त्यामुळे कामावरून आल्यावर करायची थाई करी म्हणून हीच सोयीची.

चार जणांना ६०० ग्रॅम पोर्क पुरतं. निम्मं पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं, आणि निम्मं खांद्याचं घ्या. नुसतं लाल मांस घेतलं तर करी कोरडी होते, नुसतं पोटाचं घेतलं तर दोन घासांत नको होतं. पोर्क सगळ्याच दुकानांत मिळत नाही, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. कातडीसकट घेत असाल तर केस भाजून, खरवडून द्यायला सांगा. तुकडे दीड इंचाचे हवेत. बारीक केले तर कुकरमध्ये त्यांचा चुरा होतो. गोठवलेलं पाकीट आणलं असेल तर रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या, सुटलेलं पाणी फेका आणि तुकडे कोरडे पुसून घ्या. ओल्या मांसाला वाटण चिकटत नाही.

वाटणासाठी ब्याडगी मिरच्या ६, बिया काढून, १५ मिनिटं गरम पाण्यात भिजवलेल्या. लवंगी वापरू नका. या करीला रंग हवा, जाळ नको. लहान कांदे ५, लसूण ८ पाकळ्या, हळद अर्धा चमचा, मीठ १ चमचा. गवती चहाच्या २ काड्या लागतात, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. आपण चहात घालतो ती पात इथे कामाची नाही. गड्ड्यापासून वरचा चार-पाच इंचांचा पांढरट, जाड भाग हवा. कुंडीत जुना गड्डा असेल तर काडी मुळापासून उपटा, बाहेरची दोन आवरणं काढा आणि आडव्या, कागदासारख्या पातळ चकत्या करा. उभे तुकडे मिक्सरमध्ये टाकले तर दोरे तसेच राहतात आणि खाताना दातात अडकतात.

थाई वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. त्याऐवजी १ चमचा जवळा कोरड्या तव्यावर मिनिटभर भाजून वाटणात घाला. चव तीच येत नाही, पण मागचा खारट-खोल स्वाद येतो. तो वगळलात तर ही करी चिंचेच्या रश्श्याकडे झुकते.

मिक्सर फिरत नाही म्हणून पाणी ओतायचा मोह होतो. तो टाळा. पाणी जास्त झालं की वाटण परतलं न जाता शिजतं आणि लसणाचा कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही. भिजवलेल्या मिरचीचं पाणी दोन चमचे, त्याहून जास्त नको. खलबत्ता असेल तर आधी मीठ आणि गवती चहा कुटा, मग मिरच्या, कांदा-लसूण शेवटी. रविवारी चौपट वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर महिनाभराचे चार बेत सुटतात.

कोरडा मसाला: धणे २ चमचे, जिरे १ चमचा, वेलदोडे २, लवंगा २, दालचिनी एक इंच, चक्रफुलाच्या २ पाकळ्या. हलकं भाजून पूड करा. वेळ नसेल तर दीड चमचा घरचा गरम मसाला चालतो. काळं तिखट मात्र अजिबात नको. ते इतकं खमंग भाजलेलं असतं की आल्याचा आणि गवती चहाचा वास त्याखाली दडपून जातो आणि ताटात नेहमीचं कालवणच येतं.

सकाळी निघण्याआधी मांसाला वाटण, मसाला आणि १ मोठा चमचा गडद सोया सॉस चोळून डबा फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि मांस दोन तासांत वाया जातं.

संध्याकाळी कुकर तापवा, तेल न घालता मांस मध्यम आचेवर ७-८ मिनिटं परता. चरबी सुटून कडेला लाल तेल दिसलं आणि कच्चा वास गेला की दीड कप गरम पाणी घाला. गार पाण्याने तापलेला कुकर थंड पडतो आणि वेळ वाढतो. तळ खरवडून घ्या, झाकण लावा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि २० मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतला रस्सा एकदम उसळतो आणि मांसातलं पाणी निघून जातं. पोर्क अर्धकच्चं कधीच खायचं नाही, कारण त्यातून फीतकृमी होऊ शकतो. कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या बरंच वर तापतं, त्यामुळे ती भीती उरत नाही. कच्च्या मांसाची पाटी-सुरी मात्र साबणाने वेगळी धुवा.

चिंच आणि गूळ यांची पाळी झाकण उघडल्यावर. आधी घातले तर गूळ तळाला लागतो, आणि आंबटाचा अंदाजही येत नाही. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दीड मोठा चमचा गूळ, पाव वाटी भाजून सोललेले अख्खे शेंगदाणे आणि ४० ग्रॅम आल्याच्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या सळ्या घाला. आलं खूप वाटेल, तरी कमी करू नका. तेच या करीचं नाव राखतं. कूट घालू नका, रस्सा पिठूळ होतो. थायलंडात लोणच्यातला लसूणही घालतात. त्यासाठी १० पाकळ्या पाव कप व्हिनेगर, चमचाभर साखर आणि चिमूटभर मिठात ५ मिनिटं उकळून गाळून घाला.

आता उघड्या भांड्यात १० ते १२ मिनिटं मध्यम आच. रस्सा चमच्याला धरू लागला आणि वर तेल तरंगलं की चाखा. आधी आंबट, मग गोड, शेवटी खारट लागायला हवं. आंबट जास्त झालं तर पाणी न घालता गुळाचा छोटा खडा टाका. मीठ शेवटीच बघा, सोया सॉस आणि जवळा दोन्ही खारट असतात. तेल फारच असेल तर पळीने काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात अंडी परतली तर छान लागतात.

तिकडे ही करी चिकट भाताबरोबर हाताने खातात. आपल्याकडे इंद्रायणी त्याच्या सर्वांत जवळचा. कडक भाकरीही चालते, पण रस्सा मग थोडा पातळ ठेवा. पोर्क मिळालं नाही तर बोकडाचं मटण घ्या. चरबी कमी असल्याने २ चमचे तेल घाला आणि कुकरमध्ये ५ मिनिटं जास्त ठेवा.