ट्रेकवर दिसेल ते फळ तोंडात टाकू नका
विषारी झाड ओळखायचा एकच असा फॉर्म्युला नाहीये, आणि "पक्षी खातात म्हणजे आपल्यालाही चालतं" हे तर साफ चुकीचं, कितीतरी फळं त्यांना पचतात नि आपल्याला भोवतात. त्यापेक्षा चार झाडं पाठ करा ना, कण्हेर, धोतरा, एरंड, लाल-काळी गुंज. कण्हेरीचं पान, फूल, लाकूड सगळंच विषारी त्यामुळे तिची काटकी चुलीत नको आणि भांड्यात ढवळायला तर अजिबातच नको (हे लोक खरंच करतात!). चीक लागलेला हात डोळ्याला लावू नका, आधी धुवा. खाजकुइली लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टीने कुसं ओढून काढा मग साबण. कोणी चुकून खाल्लंच तर उलटी काढत बसू नका, झाडाचा फोटो घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा.