सामान चढवण्याआधी मीटर पाहा: नाशिकमध्ये भाड्याने राहायला जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

भाड्याचं घर बघताना आपण पाणी किती वाजता येतं, पार्किंग आहे का, सोसायटी बॅचलरना घर देते का, हे सगळं विचारतो. विजेचं मात्र एवढंच विचारतो, ‘बिल साधारण किती येतं?’ इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, कुठेही घर घ्या, आता तेवढ्यावर भागत नाही. मीटर कसलं आहे आणि त्याचे मेसेज कुणाच्या मोबाइलवर जातात, हे टोकन रक्कम देण्याआधी विचारा. प्रीपेड मीटरचं बॅलन्स संपत आल्याचा इशारा मालकाच्या फोनवर गेला, मालक पुण्यात किंवा परदेशात असला, तर आपल्याला ते कळतं घरात अंधार झाल्यावरच.

आधी प्रकार ओळखा. पहिला प्रकार महावितरणच्या मीटरचा. केंद्र सरकारच्या 2021 च्या वीज वितरण योजनेत देशभर 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं. महाराष्ट्रात त्याला विरोध झाला, 2024 मध्ये सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेडची सक्ती करणार नाही असं सरकारने सांगितलं आणि पुढे ‘टीओडी मीटर’ (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं मीटर) म्हणून नवी मीटर बसू लागली. त्यामुळे मीटर नवं दिसलं म्हणजे रिचार्ज करावाच लागेल असं नाही, पुष्कळ घरांत महिन्याचं बिलच येतं. पण स्मार्ट मीटर दुरूनही प्रीपेडवर वळवता येतं, म्हणून राहायला जायच्या आठवड्यात मालकाला पुन्हा एकदा विचारा. मालकाला नक्की सांगता येत नसेल तर बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या 1912 या मदत क्रमांकावर फोन करा.

दुसरा प्रकार मालकाने स्वतः बसवलेल्या सब-मीटरचा. अंबड-सातपूरच्या कामगारांच्या खोल्या, कॉलेजच्या मुलांचे पीजी, बंगल्याच्या वरच्या मजल्याची भाड्याची खोली, अशा ठिकाणी हे सापडतं. काही साधे असतात, काही रिचार्जचे. हे मीटर महावितरणचं नसतं, त्यामुळे बिघडलं तर 1912 वर सांगून उपयोग नाही, दुरुस्ती मालकानेच करायची. युनिटचा दर काय हे इथे आधीच ठरवा आणि लिहून घ्या. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो: 100 युनिटपर्यंत एक, मग 300 पर्यंत, 500 पर्यंत आणि त्यापुढे आणखी वेगळा. चार खोल्यांची वीज एकाच मुख्य मीटरमधून जात असेल तर सगळ्यांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो आणि महिन्याला 60 युनिट वापरणाऱ्या मुलावरही त्याचा भार पडतो. मालकाकडे मुख्य बिलाची प्रत मागायला संकोचू नका. तुमच्या पैशाचा हिशेब आहे तो.

आता मीटरपाशी जा, आणि ते दिवसाउजेडी करा. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत फ्लॅट नंबर खडूने किंवा मार्करने लिहिलेले असतात, आणि वायरमनने कधी जोडण्या बदलल्या असतील तर ते चुकीचेही असू शकतात. एकाला घरात उभं करा, गिझर लावा, मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागेल. मग घरातला मेन स्विच बंद करा. दिवा थांबला तर मीटर तुमचंच. थांबला नाही तर एक तर ते दुसऱ्याचं आहे, किंवा तुमच्या मीटरवरून दुसरं काही चाललंय: जिन्यातले दिवे, पाण्याची मोटर, शेजारची खोली. माझ्या भाचीला एका इमारतीत घरमालकाने वरच्या मजल्याचं मीटर दाखवलं होतं. या चाचणीमुळे ते सही करण्याआधीच लक्षात आलं. या यादीतली बाकी कामं पुढे-मागे झाली तरी चालतील, ही दहा मिनिटं मात्र काढाच.

मीटर सापडलं की फोटो काढा. त्यात मीटरचा क्रमांक आणि युनिटचं रीडिंग स्पष्ट दिसलं पाहिजे. स्क्रीनवरचे आकडे बदलत राहतात, तेव्हा केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) असं दिसेल तो आकडा टिपा. प्रीपेड असेल तर बॅलन्सचाही फोटो घ्या. तो फोटो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

मागची थकबाकी तपासल्याशिवाय पहिला रिचार्ज करू नका. घर बंद असलं तरी स्थिर आकार चालूच असतो, त्यामुळे तीन महिने रिकाम्या असलेल्या फ्लॅटचं खातं उणेत गेलेलं असू शकतं. मग तुम्ही टाकलेल्या हजार रुपयांतले काही आधी जुन्या देण्यात वळते होतात. ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या ॲपवर देणं दिसतं. ते मालकाने किंवा आधीच्या भाडेकरूने फेडू दे, मगच चावी घ्या. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान खटल्यात वीज कंपन्यांना जागेवरची जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागण्याची मुभा मान्य केली. ‘ती आधीच्यांची होती’ एवढं म्हणून वीज जोडून मिळेलच असं नाही.

कुणी ‘प्रीपेड मीटरचं डिपॉझिट’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर कशाचे ते विचारा. वीज कायदा 2003 च्या कलम 47 नुसार प्रीपेड मीटरमधून वीज घेणाऱ्या ग्राहकाकडून वीज कंपनी सुरक्षा ठेव मागू शकत नाही.

पहिला रिचार्ज किती करायचा? जुन्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघा, पण आधीचं कुटुंब केवढं होतं तेही विचारा. स्वतःचा अंदाज सोपा आहे. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, 75 वॅटचा पंखा तेरा-साडेतेरा तास फिरला की एक युनिट. नाशिकची थंडी लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत घरात चौघं आणि प्रत्येकाची सकाळची अंघोळ, तर नुसत्या गिझरचेच महिन्याला 60-70 युनिट सहज होतात. मे महिन्यातल्या बिलावरून हिवाळ्याचा अंदाज बांधू नका.

राहायला जाल त्या संध्याकाळची सोय आधी करून ठेवा. ॲप उतरवून लॉगिन झालेलं, ग्राहक क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही, यूपीआय चालू, टॉर्च आणि पॉवर बँक सामानात सगळ्यात वर. काही कीपॅडच्या मीटरला रिचार्जनंतर 20 अंकी टोकन टाकावं लागतं, ते कसं टाकायचं हे मालकाकडून एकदा समोर करून घ्या. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा विजेवर चालणारं औषधोपचाराचं यंत्र असेल तर बॅलन्स कधीही आठवड्याच्या खर्चाखाली जाऊ देऊ नका. आणि मोबाइल नंबर तुमचा नोंदवायला मालक तयार नसेल, तर निदान मेसेज आला की लगेच पुढे पाठवायचं कबूल करून घ्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 प्रमाणे मालकाला भाडेकरूची वीज सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. पण 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, म्हणून हे कलमावर न सोडता करारातच यायला हवं. नोंदणीच्या वेळी एजंटला एवढा मजकूर घालायला सांगा: ‘ताबा देताना मीटरचं रीडिंग अमुक, बॅलन्स अमुक. त्याआधीची सर्व देणी मालकाची. युनिटचा दर अमुक. मालक वीजपुरवठा बंद करणार नाही. घर सोडताना शिल्लक बॅलन्स अनामत रकमेसोबत परत मिळेल.’