अनुभवी बचावपटू गेल्यावर कॉलेज फुटबॉलचा बचाव का ढासळतो: निदान करताना या चुका टाळा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये १३ जानेवारी २०२० रोजी लुइझियाना स्टेट म्हणजेच एलएसयू या संघाने क्लेम्सनला ४२-२५ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि १५ सामन्यांपैकी एकही न हरता हंगाम संपवला. पुढच्या हंगामातील पहिल्याच सामन्यात, २६ सप्टेंबर २०२० रोजी, बॅटन रूजमधील घरच्या मैदानावर याच संघाला मिसिसिपी स्टेटने ४४-३४ असे नमवले. त्या दिवशी मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) के. जे. कॉस्टेलो याने चेंडू फेकून ६२३ यार्ड मिळवले आणि हे दोन्ही संघ ज्या गटात खेळतात त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा एका सामन्यातला विक्रम मोडला. २०१९ मध्ये एका सामन्यात सरासरी २१.९ गुण देणाऱ्या एलएसयूच्या बचावफळीने २०२० मध्ये ३४.९ गुण दिले. चांगले खेळाडू गेले म्हणून संघ घसरला, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. खेळाडू तर दरवर्षीच जातात. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाली की खेळाडूला व्यावसायिक लीगच्या निवडीत उतरता येते, त्यामुळे सर्वोत्तम बचावपटू बहुधा तिसऱ्या हंगामानंतरच निघून जातो.

गेलेल्यांची केवळ संख्या मोजणे

अकरापैकी किती जण परतले, एवढ्यावर अंदाज बांधणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. बचावातल्या सर्व जागांचे वजन सारखे नसते. चेंडू खेळात येण्यापूर्वीच्या काही क्षणांत सेफ्टी (सर्वांत मागे राहणारा बचावपटू) समोरच्या संघाची मांडणी ओळखतो, मधला लाइनबॅकर (आघाडीच्या फळीमागे उभा राहणारा) बाकीच्यांना इशारा देतो, आणि प्रतिस्पर्ध्याचा एखादा खेळाडू जागा बदलून दुसऱ्या बाजूला गेला की हाच संवाद पुन्हा नव्याने, ओरडून करावा लागतो. कोणता रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा प्रतिस्पर्धी) कोणाच्या ताब्यात द्यायचा, याबद्दल कॉर्नरबॅक (कडेला रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) आणि सेफ्टी यांची समजूत वेगवेगळी झाली तर तो रिसीव्हर मोकळा सुटतो. दोघेही कितीही वेगवान असले तरी मग उपयोग नसतो. एलएसयूने आतले दोन्ही लाइनबॅकर, पॅट्रिक क्वीन आणि जेकब फिलिप्स, तसेच सेफ्टी ग्रँट डेल्पिट यांना एकाच वेळी गमावले. माझ्या मते त्या संघाचे खरे नुकसान इथे झाले, कारण हे तिघे त्या संवादाच्या केंद्रस्थानी होते.

२०२४ पासून कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या विभागात एका बचावपटूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवण्याची मुभा आहे. मात्र चेंडू खेळात आणण्याची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, आणि शेवटच्या क्षणीचे बदल मैदानावरच्या खेळाडूंनाच करावे लागतात.

माणसे आणि इशाऱ्यांची भाषा एकाच वर्षी बदलणे

ही चूक मला सर्वांत महागडी वाटते. एलएसयूचे बचाव-समन्वयक (बचावाची आखणी करणारे प्रशिक्षक) डेव्ह अरांडा २०२० च्या सुरुवातीला बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या जागी आलेल्या बो पेलिनी यांनी बचावाच्या आघाडीच्या फळीची तीन जणांची रचना बदलून चार जणांची आणली. रचनेबरोबर जबाबदाऱ्या बदलल्या, म्हणजे जे जुने खेळाडू राहिले होते त्यांचाही साठवलेला अनुभव बराचसा निरुपयोगी ठरला. त्यात कोविडमुळे वसंत ऋतूतील सराव थांबला. एरवीही वसंतात फक्त १५ सत्रे मिळतात आणि हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. नवी पद्धत अंगवळणी पडायला एवढा वेळ आधीच तोकडा आहे. जाणाऱ्यांची संख्या मोठी असेल त्या वर्षी पद्धत शक्यतो तीच ठेवावी, आणि बदलायचीच असेल तर ती थोड्या, पक्क्या रचनांपुरती मर्यादित ठेवावी.

बाहेरून एक चांगला खेळाडू आणून प्रश्न मिटला असे मानणे

जब्रिल कॉक्स हा नॉर्थ डकोटा स्टेटमधून एलएसयूमध्ये आलेला लाइनबॅकर गुणी होता. मिसिसिपी स्टेटविरुद्ध त्याने प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच पकडून थेट टचडाउनही केले, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. तरीही बचाव सावरला नाही, कारण नवागताला स्वतःचे काम येत असले तरी शेजारच्याची सवय ठाऊक नसते.

आकडे न तपासता दोष देणे

२०२० चे सर्व दहा सामने साउथईस्टर्न कॉन्फरन्स या बळकट गटातीलच संघांशी झाले, तर २०१९ मध्ये काही सोपे प्रतिस्पर्धी वाट्याला आले होते. शिवाय विजेतेपदाच्या त्या वर्षीही अलाबामाने एलएसयूविरुद्ध ४१ आणि ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाने) ३७ गुण केले होते. सरासरीपेक्षा प्रतिस्पर्ध्याने यार्ड कोठे मिळवले हे पाहावे. लांबचा पास मोकळ्या रिसीव्हरकडे गेला असेल तर गोंधळ इशाऱ्यांमध्ये आहे. धावणारा खेळाडू आघाडीच्या फळीतून एखाद्या मोकळ्या जागेतून निसटत असेल तर कोणी तरी आपली जागा सोडली आहे. हात लागूनही तो सुटत असेल तर टॅकलचा, म्हणजे धरून खाली पाडण्याचा, सराव कमी पडतो आहे, आणि सामन्याच्या चौथ्या म्हणजे शेवटच्या सत्रातच पडझड होत असेल तर राखीव फळी पातळ आहे.

राखीव खेळाडूंना पहिली संधी पुढच्या वर्षी देणे

या चुकीचा उलट पाठ जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाने दिला. २०२१ च्या विजेत्या संघातून पाच बचावपटू व्यावसायिक लीगच्या २०२२ च्या निवडीत पहिल्याच फेरीत गेले. त्यांत पहिल्या क्रमांकावर निवडलेला ट्रॅव्हन वॉकर होता. समन्वयक डॅन लॅनिंगही ओरेगॉनला गेले. पण सूत्रे आधीपासून संघात असलेल्या ग्लेन शुमन आणि विल मशॅम्प यांच्याकडे आली, मुख्य प्रशिक्षक कर्बी स्मार्ट स्वतः बचावाचेच जाणकार होते, आणि जेलन कार्टरसारखे खेळाडू आदल्या वर्षी आलटूनपालटून मैदानात उतरून तयार झाले होते. त्यामुळे पद्धत तीच राहिली आणि तिचे इशारे नव्या मुलांनी खऱ्या सामन्यांत ऐकलेले होते. एका सामन्यात दिलेल्या गुणांची सरासरी १०.२ वरून १४.३ वर गेली, म्हणजे घसरण झालीच, पण नव्या बचावफळीने हंगामाच्या पहिल्या सामन्यात लॅनिंग यांच्याच ओरेगॉनला ३ गुणांवर रोखले आणि संघ पुन्हा विजेता झाला.