खेळाचे धावते समालोचन: मराठीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

खेळाच्या प्रक्षेपणात माइकसमोर दोन वेगळी कामे चालतात. एक जण प्रत्येक चेंडू किंवा प्रत्येक चढाई घडत असतानाच सांगतो, तर दुसरा ती तशी का घडली याचा उलगडा करतो. दुसऱ्या खुर्चीवर बहुधा आजी-माजी खेळाडू असतात. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमासाठी मराठीतून समालोचन करणारे केदार जाधव त्याच हंगामात जखमी डेव्हिड विलीच्या जागी बंगळूरच्या संघात दाखल झाले होते. पहिल्या खुर्चीसाठी मात्र मोठ्या पातळीवर खेळलेले असण्याची अट नाही. तेथे निरीक्षणाची शिस्त आणि ताब्यात असलेली भाषा लागते, आणि या दोन्ही गोष्टी सरावाने मिळतात. पुढील मजकूर त्या पहिल्या खुर्चीविषयी आहे.

सर्वांत आधी आपल्या वाक्यरचनेकडे पाहावे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. लिहिताना याचा त्रास होत नाही, परंतु ‘ऑफ यष्टीबाहेर पडलेला, किंचित आखूड टप्प्याचा चेंडू फलंदाजाने मागच्या पायावर जात कव्हरच्या दिशेने जोरात फटकावला’ असे वाक्य तुम्ही पूर्ण करेपर्यंत चेंडू सीमारेषेपार गेलेला असतो आणि श्रोता प्रेक्षकांचा जल्लोष आधी ऐकतो, कारण नंतर. म्हणून वाक्य मोडायला शिकावे: ‘आखूड चेंडू. मागच्या पायावर. कव्हर्समधून फटका. चौकार.’ येथे एकही क्रियापद नाही आणि तरीही काहीही राहून गेलेले नाही. तपशील, फलंदाजाच्या पायांची हालचाल, क्षेत्ररक्षकाची चूक हे सारे चेंडू गोलंदाजाकडे परत जात असताना पूर्ण वाक्यांत सांगावे. माझ्या मते मराठीतील समालोचकाची खरी परीक्षा याच एका सवयीत आहे, आणि नवोदितांनी पहिले काही महिने केवळ तिच्यासाठी द्यावेत.

शब्दांचा साठा तयार मिळतो, ही आपली भाग्याची गोष्ट आहे. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील समालोचनाचा क्रिकेटची मराठी परिभाषा घराघरांत रुजवण्यात मोठा वाटा आहे. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द आज कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. त्याचबरोबर ‘कव्हर’, ‘यॉर्कर’, ‘स्लिप’ यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही. मैदानावर जो शब्द खेळाडू वापरतात तोच वापरावा. फक्त एकदा निवडलेला शब्द सामनाभर बदलू नये.

शिकण्यासाठी एकच खेळ निवडायचा असेल, तर मी कबड्डी सुचवीन. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते, त्यामुळे प्रत्येक घटनेला स्पष्ट आरंभ आणि शेवट असतो. चढाईपटू मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी तीन गोष्टी सांगून झाल्या पाहिजेत: गुणसंख्या, समोर किती बचावपटू उरले आहेत, आणि ही सलग दोन निष्फळ चढायांनंतरची, गुण मिळवणे बंधनकारक असलेली तिसरी चढाई आहे का. बचावपटूंची संख्या कधीही विसरू नये, कारण सारे नाट्य तिच्यावर अवलंबून असते. सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळतो, आणि प्रो कबड्डीच्या नियमांनुसार मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना त्यांनी पकड केली तर त्यांना दोन गुण मिळतात. ही पार्श्वभूमी ठाऊक असलेल्या श्रोत्याला पुढचे चार तुकडे पुरतात: ‘डावीकडून आत. बोनसचा प्रयत्न. कोपरारक्षक झेपावला, घोटा हातात. मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पकड!’

खो-खो याहून पुष्कळ कठीण आहे. आठ जण पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि प्रत्येक खो शब्दांत पकडायला गेले तर जीभ मागे पडते. अशा वेळी खो मोजणे सोडून द्यावे आणि पळणाऱ्याला धरून ठेवावे. त्याने खुंट केव्हा गाठला, हुलकावणी कोठे दिली, तो किती वेळ टिकला, एवढेच सांगावे. घड्याळ हाच या खेळातील गुणफलक असल्यामुळे ‘एक मिनिट चाळीस सेकंद झाली, अजून नाबाद’ हे वाक्य दहा विशेषणांपेक्षा अधिक परिणाम करते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ विजेते ठरले आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या खेळाला कसलेले मराठी समालोचक मिळणे हे आपलेच काम आहे, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेतील बेसबॉलचे समालोचक रेड बार्बर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ समोर ठेवत. वाळू संपली की गुणसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटायचे. ही युक्ती जशीच्या तशी उचलावी. श्रोता कोणत्याही क्षणी येतो, आणि त्याचा पहिला प्रश्न नेहमी ‘किती झाले?’ हाच असतो.

सरावासाठी दूरचित्रवाणीचा आवाज बंद करावा, सलग वीस मिनिटे बोलावे आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ऐकताना चेंडू कोठे गेला हे कळले नाही, तर तेथे वर्णन फसले आहे असे समजावे. कसोटीच्या एका दिवसात ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू अपेक्षित असतात आणि त्यांतील बहुतेकांवर काहीच घडत नाही. त्यामुळे संथ खेळाचा सराव अधिक करावा. आवाजाची पट्टी सुरुवातीला खालीच ठेवावी, म्हणजे अखेरच्या षटकासाठी वर जागा उरते. सामन्यापूर्वी दोन्ही संघांतील नावांचे उच्चार स्वतः खेळाडूंना किंवा व्यवस्थापकांना विचारून घ्यावेत आणि क्रमांकासह एका कागदावर लिहावेत.

प्रत्यक्ष संधी गावाच्या मैदानावर मिळते. रायगड-ठाण्यातील टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात, आणि कबड्डीच्या जिल्हा स्पर्धांनाही बोलणारा माणूस हवा असतो. तेथील मोठी अडचण म्हणजे चेंडू टाकला जात असताना हातात येणाऱ्या चिठ्ठ्या: मान्यवरांचे आगमन, कोणीतरी जाहीर केलेले बक्षीस. आयोजकांशी सकाळीच ठरवून घ्यावे की ही निवेदने फक्त दोन षटकांच्या मध्ये होतील. आदराने सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. पंचांनी बोट वर करण्याआधी फलंदाजाला बाद ठरवू नये, आणि खेळाडू जखमी झाला तर दुखापतीचा अंदाज बोलून दाखवू नये, कारण त्याच्या घरचेही ऐकत असतात.

वाहिनीकडे किंवा आकाशवाणीच्या चाचणीसाठी नमुना पाठवताना केवळ शेवटच्या षटकातला जल्लोष पाठवू नये. पाच मिनिटांचा सलग, साधा खेळ पाठवावा. प्रादेशिक भाषांतील पुष्कळसे समालोचन मैदानाऐवजी स्टुडिओतील पडद्याकडे पाहून होते. तेथे दिग्दर्शक दाखवील तेवढेच दिसते, कानात निर्मात्याच्या सूचना चालू असतात आणि त्या ऐकत वाक्य न अडखळता पूर्ण करावे लागते. घरी एका कानात बातम्या लावून याचा सराव करता येतो.

उत्पन्न सामन्यागणिक किंवा दिवसागणिक मिळते आणि हंगाम संपला की थांबते. म्हणून पहिली काही वर्षे नोकरी, शिकवणी किंवा निवेदनाची अन्य कामे सोडू नयेत. मानधन, प्रवासखर्च, मुक्काम आणि पैसे मिळण्याची तारीख या चार गोष्टी निघण्यापूर्वी लेखी घ्याव्यात, मग ते व्हॉट्सअ‍ॅपवरील दोन ओळींत का असेना. मी एका स्पर्धेत तीन दिवस बोललो, तेव्हा हे केले नव्हते. ते मानधन आजही आलेले नाही.