परदेशातली प्रिंटमेकिंग रेसिडेन्सी : या चुका टाळा

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडून रेसिडेन्सीला (परक्या स्टुडिओत राहून काम करायला) जाणाऱ्या प्रिंटमेकरचा (धातूची प्लेट आम्लाने कोरून छापे काढणाऱ्या कलाकाराचा) वेळ कल्पना सुचत नाही म्हणून सहसा वाया जात नाही. घरच्या आम्लाची, शाईची आणि कागदाची सवय तिथे चालत नाही, त्यात तो जातो. निवडीचं पत्र आलं की स्टुडिओच्या तंत्रज्ञाला पहिल्याच मेलमध्ये विचारा: धातू कोणता, आम्ल कोणतं, ग्राउंड (प्लेटला आम्लापासून वाचवणारा लेप) कोणता, छापायच्या प्रेसच्या बेडची रुंदी किती.

जस्ताची प्लेट फेरिकमध्ये टाकणे

ही सगळ्यात महागडी चूक. आपल्याकडे जस्त आणि नायट्रिक आम्ल ही जोडी हाताला बसलेली असते. युरोपातल्या अनेक स्टुडिओंनी नायट्रिक बंद करून तांब्यासाठी फेरिक क्लोराइड ठेवलं आहे. त्यात जस्त बुडवलं तर द्रावण जोरात तापतं, वायू सुटतो, काळा गाळ साचतो. प्लेट तर जातेच, शिवाय सगळ्यांच्या वापरातलं द्रावण खराब होतं.

तांबं घेतलं तरी नायट्रिकची सवय आड येते. नायट्रिकमध्ये बुडबुडे दिसतात, आपण ते पिसाने हलवतो आणि त्यावरून बाइटचा, म्हणजे धातू किती खोल खाल्ला गेला याचा, अंदाज घेतो. फेरिक गडद तपकिरी असतं आणि त्यात बुडबुडेही येत नाहीत, त्यामुळे डोळ्यांनी काहीच कळत नाही. पहिल्याच दिवशी तांब्याच्या पट्टीवर ५, १०, २०, ४० मिनिटांचे टप्पे करून छापा काढा आणि त्यावर द्रावणाचं तापमान लिहून ठेवा. साध्या फेरिकमध्ये रेषेत गाळ बसतो आणि बाइट मंदावतो. म्हणून प्लेट पालथी, तळाला न टेकता, ठेवतात. फ्रीडहार्ड कीकेबेन यांनी १९९७ च्या सुमारास एडिंबरामध्ये फेरिकमध्ये सायट्रिक ॲसिड मिसळायची पद्धत आणली. सायट्रिक हा गाळ विरघळवतं, त्यामुळे त्यात प्लेट सुलटी ठेवता येते. कोणतं द्रावण आहे हे न विचारता वेळ ठरवू नका.

जस्तावरच काम करायचं असेल तर मोरचूद आणि मीठ वापरणारे स्टुडिओ आहेत. याचा सराव निघण्यापूर्वी घरीच करता येतो. मोसंबीच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण करतात तेच मोरचूद, कृषी केंद्रात मिळतं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम मीठ, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. हातमोजे आणि चष्मा हवाच, खिडकी उघडी ठेवा. रेषांवर तांब्याचा लालसर थर जमतो, तो मऊ ब्रशने काढत राहा, नाहीतर बाइट थांबतो. निळा रंग उडाला की द्रावण संपलं. उरलेलं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं.

रॉकेलशिवाय प्लेट अर्धवट धुणे

तिथे बऱ्याच ठिकाणी रॉकेल-थिनर चालत नाही; खाद्यतेलाने शाई काढतात. तेलाचा पातळ थर राहिला की पुढचा ग्राउंड सुटतो. तेलानंतर साबण, मग खडूच्या पावडरीने घासणं. नळाखाली धरल्यावर पाणी अख्ख्या प्लेटवर सलग पसरलं पाहिजे. थेंब तुटून गोळा झाले तर पुन्हा घासा.

घरच्या प्रमाणात शाई बनवणे

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, शाई पातळ होते, म्हणून ती घट्ट करायला मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर घालायची सवय असते. १६-१८ अंशांच्या स्टुडिओत तीच शाई आधीच घट्ट असते. पावडर घातली तर ती पुसताना ओढते आणि रेषेतूनच निघून येते. आधी प्लेट हॉटप्लेटवर हाताला सोसेल इतकी कोमट करा. तरीही शाई जड वाटली तरच ती पातळ करायला प्लेट ऑइलचे (जवसाच्या शिजवलेल्या तेलाचे) दोन-चार थेंब. पॅरिसच्या आतलिए १७ या छापखान्यात कृष्णा रेड्डी यांनी इतरांसोबत घडवलेल्या व्हिस्कॉसिटी पद्धतीने (कमी-जास्त पातळ शाया वापरून एकाच प्लेटवरून अनेक रंग) छापणार असाल, तर वहीतली तेलाची मापं तिथे पुन्हा ठरवावीच लागतील. सगळं तंत्रच शाईच्या पातळपणावर उभं आहे.

कागद आणि सामान

कागजीपुऱ्याचा हातकागद अभिमानाने न्यावा, पण तो फॅब्रियानो या इटालियन कागदासारखा ट्रेमध्ये भिजवू नये. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला तर कागदात सरस (पाणी लगेच शोषू न देणारा चिकट पदार्थ) कमी आहे, भिजवल्यास तो फाटेल. त्यावर फवारा मारून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवा.

३०×४० सेंमी, १ मिमी जाडीची तांब्याची प्लेट १ किलोच्या थोडी वर भरते. अशा सहा घेतल्या तर विमानातल्या सामानाच्या २३ किलोंपैकी साडेसहा गेले. प्लेटा तिथेच घ्या. आम्ल, टर्पेंटाइन, पातळ ग्राउंड विमानात चालत नाही. ब्युरिन, स्क्रेपर ही कोरायची-खरवडायची धारदार अवजारं चेक-इन बॅगेत.

शेवटच्या दिवसापर्यंत छापणे

जवसाच्या तेलाची शाई हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते. थंडीत आणि दमटपणात तिला फार वेळ लागतो. निघण्याच्या दहा दिवस आधी एडिशन (एकाच प्लेटच्या सारख्या प्रतींचा संच) संपवा. २५ प्रतींचा हट्ट धरण्यापेक्षा ८ एकसारख्या काढा. अनेक स्टुडिओ आपल्या संग्रहासाठी एक-दोन प्रती ठेवून घेतात; किती, हे आधीच लेखी ठरवून तेवढ्या जास्त छापा. प्रत्येक दोन प्रतींमध्ये ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घालून शक्यतो सपाट न्या. गुंडाळायच्याच असतील तर नळी किमान १० सेंमी व्यासाची हवी आणि छापलेली बाजू बाहेर. घरी पोचल्यावर त्याच दिवशी उलगडा.