आंधळं कुत्रं घरी आणताय? आमच्या हातून झालेल्या या चुका टाळा

गुंडी आमच्याकडे आली त्या संध्याकाळी सासूबाईंनी तिच्या तोंडापुढे हात हलवून पाहिला. डोळे पांढुरके, सदऱ्याच्या गुंडीसारखे, म्हणून नाव गुंडी. हात हलला तशी तिने मान मागे घेतली. "दिसतंय की हिला थोडं!" सासूबाई खूश झाल्या. दिसत काहीच नव्हतं. हाताचा वारा मिशांना लागला होता, एवढंच.

ही पहिली चूक, आणि ती जवळजवळ सगळ्यांकडून होते. पाहायचंच असेल तर कापसाचा बोळा घ्या आणि कुत्र्यासमोर वरून अलगद सोडा. त्याचा आवाज नाही, वारा नाही, फारसा वासही नाही. दिसत असेल तर बहुतेक कुत्री नजरेने त्याचा पाठलाग करतात. एकदा उजेडात करा, एकदा अंधुक खोलीत. फक्त अंधारात चाचपडणारी कुत्री असतात. दृष्टिपटल (डोळ्याच्या मागचा, प्रकाश टिपणारा पडदा) हळूहळू झिजण्याच्या आनुवंशिक आजाराची सुरुवात अनेकदा अशीच, रातांधळेपणाने होते. उलटही घडतं. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर धुरकटपणा आला की लोक 'आंधळं झालं' म्हणतात, पण भिंगाचा हा वयानुसार येणारा बदल असेल तर कुत्र्याला चांगलं दिसत असतं.

"आंधळंच आहे, आता डॉक्टर काय करणार?"

आमच्या सगळ्यात वाईट चुकीची सुरुवात या वाक्याने झाली. गुंडी आल्यावर महिन्याभरात तिचा एक डोळा लाल झाला, चिपडं यायला लागली. घरात सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स उरले होते. डोळ्याचंच औषध, म्हणून मी घातले. तीन दिवसांत डोळा उघडेना. डॉक्टरांनी डोळ्यात रंग टाकून तपासलं तर कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर जखम, आणि मी घातलेल्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड. अशा जखमेवर स्टेरॉइड पडलं की ती भरायच्या ऐवजी खोल जाते, कधी डोळा फुटतोसुद्धा. डॉक्टर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बरोबर बोलले. माणसांचे उरलेले ड्रॉप्स, मध, तूप, दूध, काहीही घालू नका.

दिसत नसलं तरी डोळा दुखतो, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी गेल्यावरही तो ठणकत राहतो. कुत्रं त्यासाठी ओरडत बसत नाही. ते जास्त झोपतं, कमी खातं, डोकं खाली घालून बसतं, डोळा जमिनीला घासतं. आपण म्हणतो, "आंधळं आहे, म्हणून उदास आहे." अशा वेळी डॉक्टरांनी डोळा काढायचा सल्ला दिला तर लगेच अंगावर काटा आणून घेऊ नका. ज्या डोळ्याचा उपयोग संपला आणि फक्त दुखणं उरलं, तो गेल्यावर कुत्रं पुन्हा खेळायला लागलेलं अनेकांनी पाहिलंय.

कारण शोधून घ्या. आपल्याकडे गोचीडतापाने डोळ्यांत सूज किंवा रक्तस्राव होऊन दृष्टी जाते. मधुमेहाने मोतीबिंदू होतो. कुत्रं अचानक खूप पाणी पिऊन सारखी लघवी करत असेल तर साखर तपासा. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार, मार, जखमा ही कारणं रस्त्यावरच्या कुत्र्यांत नेहमीची. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन होऊ शकतं, मात्र मागचा दृष्टिपटल काम करतोय का हे आधी पाहावं लागतं. आणि दिसणारं कुत्रं एक-दोन दिवसांत आंधळं झालं तर सोमवारची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी न्यायचं. मोठ्या तपासणीसाठी सातारा-सांगलीकडच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हायवेवरच पडतं.

पहिल्याच दिवशी अख्खं घर दाखवणं

आमचं घर सांगलीच्या गावभागातलं, जुनं. ओटा, सोपा, माजघर, मागे अंगण, मध्ये तीन उंबरे. आम्ही कौतुकाने गुंडीला सगळीकडे फिरवली आणि ती सगळीकडे धडकली. मग दया आली म्हणून मुलीने तिला कडेवर घेतलं, आणि पुढे आठवडाभर ती कडेवरच. उचलून इथून तिथे ठेवलेल्या कुत्र्याला आपण कुठे आहोत हे कळतच नाही. तुमचे डोळे बांधून कुणी तुम्हाला मारुती चौकातून उचललं आणि विश्रामबागला सोडलं तर तुम्ही तरी काय कराल?

एक खोली द्या. पाण्याचं भांडं एका जागी ठेवा, ते महिनोन्‌महिने हलवू नका. ते भांडं म्हणजे तिचा मैलाचा दगड. तिथून पट्टा धरून दाराकडे, दारातून परत भांड्याकडे, अशा फेऱ्या घाला. एक खोली पाठ झाली की दुसरी. कधी उचलावंच लागलं तर खाली ठेवताना भांड्यापाशी किंवा तिच्या अंथरुणापाशी ठेवा. धडक बसली तर "अगंबाई!" करून धावू नका. हळू चालणाऱ्या कुत्र्याला एक-दोन टकरा लागतातच, त्यातूनच ते शिकतं. धारदार कोपरे, उघडी गच्ची आणि जिना एवढ्यांचा मात्र आधी बंदोबस्त करा. जिन्याच्या तोंडाशी आम्ही प्लायवूडची आडवी फळी लावली. शेतात घर असेल तर विहीर. कठडा नसलेल्या विहिरीच्या वस्तीवर आंधळं कुत्रं मोकळं सोडायचं नाही, यात माझ्याकडे दुसरा विचारच नाही.

दिवाळीच्या साफसफाईत आम्ही सोफा खिडकीखाली नेला. झालं, गुंडी दोन दिवस सोप्यात येईना. फर्निचर अजिबात हलवायचं नाही, असं माझं म्हणणं नाही, संसार आहे शेवटी. पण हलवलं की पट्टा लावून तिला चार वेळा तिथून न्या. रोज जागा बदलणाऱ्या वस्तू जास्त त्रास देतात: चपलांचा ढीग, मोटारसायकल, वाटेत ठेवलेली बादली.

न बोलता हात लावणं

शेजारचा पोरगा प्रेमाने आला, झोपलेल्या गुंडीच्या पाठीवर त्याने हात ठेवला, तिने चटकन तोंड मारलं. दात नुसता घासला, तरी त्याच्या लशींची धावपळ झालीच. गल्लीत "चावकं कुत्रं" म्हणून नाव झालं. चूक आमची होती. येणाऱ्याला आम्ही काही सांगितलंच नव्हतं.

आता दारातच नियम सांगतो: आधी नाव घ्यायचं, मग हाताची पालथी बाजू वास घ्यायला द्यायची, मग अंगाला हात. डोक्यावरून नाही, मानेच्या बाजूने. झोपलेली असेल तर लांबूनच हाक. पाहुण्यांना हा आगाऊपणा वाटतो, वाटू दे. अर्थात रेबीजची लस वेळेवर द्यायची ती द्यायचीच.

प्रत्येकाचा वेगळा शब्द

पायरी आली की सासूबाई म्हणायच्या "सावकाश गं", नवरा "स्टॉप", मुलगी "जपून जपून", मी नुसतीच किंचाळायचे. गुंडीला यातून काय कळणार? एके रात्री बसून चार शब्द ठरवले: 'थांब', 'वर', 'खाली', आणि समोर काही आलं तर 'हं'. शब्द ऐकून थांबली की लगेच भाकरीचा तुकडा. पंधरा दिवसांत 'वर' म्हटल्यावर पाय उचलायला लागली. 'हं' सासूबाईंचा शोध. त्यांची काकणं ऐकून ती त्यांच्या मागे घरभर फिरते, म्हणून देवदर्शनाला जाताना त्या आता काकणं वर सरकवून, आवाज न करता बाहेर पडतात.

वासाच्या खुणांचा अतिरेक

कुत्र्याच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी 30 कोटींपर्यंत असतात, माणसाच्या 50-60 लाखांच्या आसपास. इंटरनेटवर हे वाचून मी दाराला एक तेल, जिन्याला दुसरं, असा प्रयोग केला. घर अत्तराच्या दुकानासारखं झालं आणि गुंडी शिंकत बसली. शिवाय टी ट्रीसारखी काही तेलं कुत्र्यांना विषारी आहेत. पायांना कळणाऱ्या खुणा जास्त कामाच्या: जिन्याआधी गोणपाट, दाराशी काथ्याचं पायपुसणं, पाण्याखाली रबरी चटई. आणि तिचं अंथरूण दर दोन दिवसांनी धुऊन स्वतःचा वास घालवू नका.

फिरायला न नेणं, किंवा गळपट्ट्याने ओढत नेणं

आंधळ्या कुत्र्याला घरात कोंडलं की ते जाडं होतं आणि भित्रं होतं. फिरवा, पण सुरुवातीला एकच रस्ता. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. गळपट्टा ओढला की डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून काचबिंदूवाल्या कुत्र्याला तर गळपट्टा नकोच. वास घ्यायला थांबली की थांबा. तुम्ही दुकानांच्या पाट्या वाचता तसं ती खांब वाचते.

गल्लीतली कुत्री हा खरा प्रश्न. कुत्री एकमेकांशी शेपटी, कान, नजर यांतून बोलतात. समोरच्याचा इशारा गुंडीला दिसत नाही, मग ती सरळ त्याच्या अंगावर जाते आणि भांडण लागतं. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो. टोळी दिसली की रस्ता बदलतो, त्यात कमीपणा नाही.

सोबतीला दुसरं कुत्रं आणलं की ते वाटाड्या होईल, असं बरेच जण सांगतात. कधी होतं. कधी ते हिचं खाणं पळवतं आणि कोपऱ्यात दाबून ठेवतं. आधी हिला घर पाठ होऊ द्या. आणलंच तर त्याच्या गळ्यात घुंगरू बांधा.

आवाजाचं म्हणाल, तर गणेशोत्सवात सांगली संस्थानच्या गणपतीची मिरवणूक पाचव्या दिवशी निघते आणि त्याआधी-नंतर मंडळांचं चालूच असतं. स्पीकरच्या भिंतीपुढे आंधळ्या कुत्र्याचे कानही जातात, म्हणजे ते दुसऱ्यांदा आंधळं होतं. आतली खोली, बंद खिडक्या, जवळ एक माणूस. फटाक्यांनाही हेच.

घरात पाठ असलेल्या वाटेवर ती अचानक धडकायला लागली, एकाच बाजूला गोल फिरायला लागली, मान वाकडी धरू लागली, तर त्याला आंधळेपणा म्हणू नका. कान, मेंदू किंवा अंगात मुरलेला ताप असू शकतो.

पुरात नुसतं कुत्रं उचलून निघणं

सांगलीत राहून हे लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तेव्हा गुंडी नव्हती. 2021 च्या जुलैत ती होती, येऊन चारच महिने झालेले, घर नुकतंच पाठ झालेलं. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तसं आम्ही कागदपत्रं, गॅसची टाकी, सासऱ्यांची औषधं घेतली, गुंडीला उचललं आणि विश्रामबागला नणंदेकडे गेलो. तिथे तिने दोन दिवस पाणी प्यायलं नाही. भांडं नवं स्टीलचं, अंथरूण धुतलेल्या चादरीचं, वास सगळे परके. नणंद म्हणाली, "वहिनी, हिला घराची आठवण येतेय." घराची कसली, तिच्याकडे घराचा एक धागाही आम्ही ठेवला नव्हता. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या न धुतलेल्या बनियनवर तिला झोपवली, तेव्हा उठून प्यायली.

आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. आम्ही धोक्याची वाट पाहत नाही. पाणी 40 च्या दिशेने सरकायला लागलं की गुंडीचं सामान आधी निघतं: तिचं मातीचं भांडं, जिन्यापाशचं गोणपाट, न धुतलेली गोधडी, हार्नेस, लशींचं कार्ड, गळ्यात फोन नंबर आणि 'मला दिसत नाही' लिहिलेला बिल्ला. नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून: एक खोली, एक भांडं. पुराचं पाणी पिऊ द्यायचं नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लस पावसाळ्याआधी द्यायची.

जून लागला की या सामानाची पिशवी दाराच्या खुंटीला जाते आणि ऑक्टोबरपर्यंत तिथेच असते. सासूबाई तिला गुंडीची वळकटी म्हणतात.